टाचेची शिवण

टाचेमागची नस तुटलेला माणूस ‘माझी नस तुटली’ असं सांगत दवाखान्यात कधीच येत नाही. तो म्हणतो, मला मागून कुणीतरी मारलं. बँकेतले एक अधिकारी बॅडमिंटन खेळताना असे कोसळले, तर आधी वळून जोडीदारावर खेकसले, रॅकेट का मारलीस म्हणून. वरातीत नाचणाऱ्या एका मामानं मागच्या भाच्याच्या कानाखाली वाजवली आणि पुढचं पाऊल टाकायला गेला तो खालीच बसला.

खोटं कुणी बोलत नसतं. ती नस तुटते तेव्हा खरोखर तसंच वाटतं. पोटरीचा स्नायू खाली येता येता निमुळता होतो, त्याची जाड दोरी बनते आणि ती टाचेच्या हाडाला चिकटते. पुस्तकात तिला कंडरा म्हणतात, दवाखान्यात आम्ही सरळ नस म्हणायचो. कातडीच्या लगेच खाली असते, चिमटीत धरता येते. चालताना, चढताना, उडी मारताना सगळं अंग तीच उचलते. चाळिशीच्या आसपास ती आतून झिजायला लागते, माणसाला पत्ता नसतो, आणि एखाद्या उडीला ती फट्कन जाते. आवाजसुद्धा येतो. मागं वळून बघावं तर कुणी नसतं.

धोंडिबानं मागं वळून बघितलं तेव्हा मात्र तिथं एक माणूस होता.

मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी दवाखान्यात हाडांच्या विभागात नोकरी केली. त्या काळी हाडांच्या विभागात बाई म्हणजे लोकांना नर्स वाटायची. मी तपासून, सगळं समजावून सांगून झालं की पेशंट विचारायचा, “आन् डाक्टर कधी येतेत?” मी म्हणायची, येतील दुपारी. दुपारी मीच जायची. हातोडी, करवत, ड्रिल अशी आमची सुतारकामाची अवजारं, त्यामुळं त्यांचं फार चुकत होतं असंही नाही. पण नस शिवायची म्हटलं की काम सुताराचं राहत नाही, शिंप्याचं होतं, आणि त्यात माझा हात चांगला होता हे मी आता म्हातारपणी लाज न बाळगता सांगते.

आमच्याकडं या नसेचे पेशंट खूप यायचे. निम्मे तर संडासातले. चिनी मातीचं भांडं जुनं झालेलं असतं, पाय घसरतो, भांडं फुटतं आणि त्याची धार टाचेमागं सपकन फिरते. ती कापलेली नस शिवायला सोपी, कडा सरळ असतात. आपण होऊन तुटलेल्या नसेचं तसं नसतं. तिची टोकं पार विसकटलेली असतात, दोन जुन्या केरसुण्या समोरासमोर धराव्यात तशी. त्या एकमेकींना शिवायच्या. दोरा घालायचा तरी कशात, हाच प्रश्न असतो.

धोंडिबा खुलताबादच्या वरच्या डोंगरातला धनगर. उंच, काटक, खांद्यावर घोंगडं. सोबत बायको ठकूबाई. तिच्या कमरेला विळा होता, तो वॉर्डातल्या सिस्टरनं काढून घेतला म्हणून ती रुसून बसली होती. खरिपाची पिकं निघाली की हे दोघं मेंढरं घेऊन खाली लासूर स्टेशनच्या बाजूला उतरायचे. तिथं नामदेवराव नावाच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची. मेंढरं रात्री रानात बसली की लेंडीखत आपसूक पडतं, त्या बदल्यात शेतकरी ज्वारी देतो. धोंडिबाच्या बापाची मेंढरं नामदेवरावांच्या बापाच्या रानात बसायची. लग्नकार्याला एकमेकांकडं जाणं-येणं होतं.

त्या वर्षी मेंढरं उभ्या हरभऱ्यात शिरली. नामदेवराव तापट. “पुन्ना शिरली तर तुझी टंगडी मोडतो,” असं सगळ्यांसमोर बोलून बसले. दुसऱ्या दिवशी एक कोकरू ओढ्यापलीकडं गेलं म्हणून धोंडिबानं ओढ्यावरून उडी टाकली आणि टाचेवर दगड बसल्यासारखा फटका बसला. तो पडला. पडल्या पडल्या त्यानं वळून बघितलं. बांधावर नामदेवराव उभे होते.

माझ्याकडं यायच्या आधी आठवडाभर त्याचा पाय गावातल्या हाड बसवणाऱ्यानं चोळला होता. मी त्याला पालथं झोपवलं आणि पोटरी दाबली. नस शाबूत असेल तर पोटरी दाबली की पाऊल हलतं. त्याचं हललं नाही. टाचेवर बोट फिरवलं, तर मधे खड्डा लागला.

“नस तुटलीय,” मी म्हणाले.

“तुटंलच की. एवढा धोंडा हाणल्यावर काय ऱ्हाईल?”

“धोंडा लागला असता तर कातडी फुटली असती, निदान खरचटलं असतं. इथं काहीच नाही. ही नस उडी मारताना आपली आपण तुटते. सगळ्यांना असंच वाटतं, कुणीतरी मारलं म्हणून.”

त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. “बाई, तुमी व्हत्या का तिथं?”

मी बँकेच्या साहेबांची गोष्ट सांगितली, वरातीतल्या मामाची सांगितली. ठकूबाईला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. धोंडिबा हसला नाही.

पहिलं ऑपरेशन आमच्या युनिटच्या सरांनी केलं, मी समोर मदतीला होते. आम्ही सगळीकडं जी शिवण घालायचो तीच घातली. दोरा चौकटीसारखा एका टोकातून वर न्यायचा, आडवा काढायचा, खाली आणायचा, दुसऱ्या टोकात तसंच करायचं आणि मधे गाठ. ऑपरेशन चांगलं झालं. प्लॅस्टर घालून त्याला घरी सोडलं आणि पाय अजिबात टेकवायचा नाही असं दहादा बजावलं.

नामदेवराव भेटायला आले ते त्या दवाखान्यातल्या मुक्कामातच. पांढरं धोतर, हातात केळ्यांची फणी. वॉर्डाच्या दारात मला गाठून म्हणाले, “डाक्टरबाई, मी बोललो, ते खरंय. लई वंगाळ बोललो. पर हात उचलला न्हाई. तुमी सांगा त्याला.”

मी त्यांना खाटेपाशी नेलं आणि दोघांसमोर पुन्हा सगळं सांगितलं. धोंडिबा भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. नामदेवराव केळी स्टुलावर ठेवून म्हणाले, “धोंडू, रान मोकळं ठिवलंय. ठकूला म्हणावं मेंढरं आन.” ते गेल्यावर ठकूबाईनं केळी उचलून शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला दिली, कारण नवऱ्यानं तसं खुणावलं होतं. तिला ते आवडलं नव्हतं हे दिसत होतं.

मेंढरं मग लासूरला गेली नाहीत. फुलंब्रीच्या रस्त्याला कुणाच्या तरी पडीक रानात थांबवली. ठकूबाई एकटी राखायची, धोंडिबा प्लॅस्टर पसरून कापडी पालापुढं बसायचा. एका दुपारी मेंढरं बुजली आणि डांबरी रस्त्यावर गेली. समोरून ट्रक येत होता. तो प्लॅस्टरसकट उठून पळाला. मेंढरं वाचली. टाके गेले.

परत आला तेव्हा प्लॅस्टर खालून ओलं होतं. कापून बघितलं तर जखम उघडलेली, आत दोरा सुटून आलेला. चौकटीची शिवण नसेच्या धाग्यांतून सरळ निसटली होती. लगेच पुन्हा शिवणं शक्य नव्हतं, जखम आधी सुकायला हवी होती. सर म्हणाले, दीड-दोन महिने जातील. “तोवर ही नस आणखी वर सरकेल, आणि मग काय शिवणार?” मी विचारलं.

त्या दोन महिन्यांत मला एकच वेड लागलं होतं. नस शिवायच्या तऱ्हा पुष्कळ आहेत. चौकटीची आहे. बुटाच्या नाडीसारखी आडवीतिडवी जाणारी आहे. आणि तिसरी, तेव्हा आमच्याकडं फारशी कुणी न घालणारी, गोधडीच्या काठासारखी नसेच्या दोन्ही कडांनी फास अडकवत जाणारी. सगळ्यांना परदेशी डॉक्टरांची नावं आहेत आणि प्रत्येकीचे अभिमानी आहेत. पण यातली कोणती किती ओढ सहन करते, हे आमच्या हातांनी कुणी बघितलं नव्हतं. आमचे हात, आमचा दोरा, नस ओली ठेवायचं आमचं मीठ-पाणी. मला ते बघायचं होतं.

इंजिनिअरिंग कॉलेजात काझी सर होते. त्यांच्या प्रयोगशाळेत लोखंडी सळया ओढून तोडायचं मशीन होतं. मी भीत भीत विचारलं की यावर रेड्याच्या पायाच्या नसा ओढता येतील का. ते चष्म्यावरून बघून म्हणाले, “हौ मॅडम, कायकू नक्को? सरिया खेंचते, इसकू भी खेंचेंगे. फक्त वास आला तर शिपायाला तुम्हीच समजवा.”

वास आला. शिपायानं उदबत्ती लावली. जुन्या शहरातल्या खाटकाकडून मी डब्यात बर्फ घालून नसा आणायची, मधोमध कापायची, टोकं मुद्दाम विसकटायची आणि तिन्ही तऱ्हांनी शिवायची. मशीनच्या जबड्यात त्या धरेनात. बुळबुळीत, सुटून यायच्या. काझी सरांनी जबड्यात पॉलिश पेपर बसवला, मग टोकं तारेनं आवळली, शेवटी दोन्ही एकदम केलं तेव्हा धरल्या. मशीन सुरू झालं की आम्ही दोघं श्वास रोखून काट्याकडं बघायचो.

चौकटीची शिवण सगळ्यात आधी सुटायची. दोरा तसाच, गाठ तशीच, पण सगळंच्या सगळं नसेतून निसटून बाहेर, धोंडिबाच्या पायात झालं होतं तसंच. नाडीवाली जरा जास्त टिकायची, पण ताण वाढला की दोरा नसेला कापत जायचा. फासांची शिवण मात्र धरून ठेवायची. काटा बाकी दोघींच्या बराच पुढं जायचा, आणि शेवटी तुटायचा तो दोरा. नस सोडायची नाही. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. पुन्हा पुन्हा करून बघितलं, तेच.

काझी सर मात्र शिवणीच्या मधल्या फटीपाशी पट्टी धरून बसायचे. एकदा म्हणाले, “मॅडम, टूटा नहीं, बरोबर. लेकिन तुटायच्या आधी लांब होतंय. थोडं थोडं. सळई अशी लांबली तर आम्ही तिला गेलेलीच समजतो.”

“माणसाची नस भरून येते, सर. सळई भरून येत नाही.”

“वो तुम जानो,” ते म्हणाले आणि चहा मागवला.

दुसरं ऑपरेशन मी केलं. नस वर सरकली होती, मधे मोठी फट. पोटरीवरच्या जाड पडद्याची एक पट्टी वरून सोडवून खाली वळवली, फट भरली आणि दोन्ही कडांनी फास घालत गेले. सर शेजारी उभे होते, शेवटची गाठ बसल्यावर फक्त “वा” म्हणाले. या वेळी मी त्याला घरी सोडलंच नाही. भांडून भांडून वॉर्डात खाट टिकवली. जखम भरली. कातडी स्वच्छ. टाका न् टाका जागेवर. मला वाटलं, जिंकलो.

प्लॅस्टर काढून, व्यायाम करून, काही महिन्यांनी मी त्याला खिडकीचा गज धरून उभं केलं. “आता चवड्यावर उभे राहा. आधी दोन्ही पायांवर.”

राहिला.

“आता या एकाच पायावर. टाच उचला.”

त्यानं दात आवळले. मानेच्या शिरा फुगल्या. पोटरी गोळा होऊन वर गेलेली मला दिसत होती. टाच फरशीवरून उचलली गेली नाही.

मी खाली बसून बोटानं चाचपलं. खड्डा नव्हता. नस सलग होती, जाड होती, अखंड होती. पण लांब झाली होती. टाक्यांच्या मधे जे नवं भरून आलं ते कोवळं होतं आणि ते हळूहळू ताणत गेलं होतं. पोटरीनं ओढायचं आणि टाचेपर्यंत ती ओढ पोचायचीच नाही, ढिल्या दोरीला ओढावं तसं.

“टाकं चांगलं बसलं ना बाई?” त्यानं विचारलं.

“चांगले बसले.”

“तुटलं न्हाई ना कुटं?”

“नाही.”

“मंग?”

मी समजावायला लागले. ठकूबाई माझ्याकडं बघत होती, आणि तिला कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, “डोंगर चढंल का ह्यो?”

“सपाटीला चालतील. काठी घेऊन.”

“सपाटीला मेंढरं कुटं चरत्यात?”

आणखी एक ऑपरेशन करता येईल, नस आखूड करता येईल, असं सरांशी बोलून मी सांगितलं. धोंडिबा नको म्हणाला. खात्री द्यायला माझ्याकडं काही नव्हतं, त्यामुळं मीही फार आग्रह धरला नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांनी मेंढरं विकली. ठकूबाई फेरतपासणीला आली तेव्हा सांगत होती. व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि धोंडिबा पालात जाऊन घोंगडं पांघरून झोपला, बाहेर आलाच नाही. मेंढरं टेम्पोत चढेनात. ती याच्या हाकेची होती, दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाहीत. शेवटी ठकूबाईनं त्याला जाऊन उठवलं. त्यानं आतूनच हाक दिली. मेंढरं चढली.

नामदेवराव मला त्यानंतर एकदा दवाखान्यात भेटले, स्वतःचं गुडघ्याचं दुखणं घेऊन. बारीक झाले होते. म्हणाले, “गावात लोक म्हंत्यात, ह्यानं धनगराचा पाय मोडला. माझी सून बी म्हंती. मलाच आता वाटायला लागलंय बाई, की मारला का काय मी दगुड.”

“तुम्ही नाही मारला, नामदेवराव. मी डॉक्टर आहे, मी सांगते.”

“व्हय,” ते म्हणाले. “पर तुमचं त्यानं कुटं ऐकलं.”

दोन-तीन वर्षांनी ते वारले. ठकूबाई मातीला गेली होती, एकटी. धोंडिबा गेला नाही.

आमचं शिवणीचं काम मात्र पुढं गेलं. काझी सरांनी आलेख काढून दिले, मी परिषदेत ते मांडलं, स्मृतिचिन्ह मिळालं. फासांची शिवण मी पुढं कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवली आणि आज त्यांच्या हातून शिवलेली माणसं हिंडताहेत, धावताहेत, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण कुणी माझं कौतुक करायला लागलं की मला खिडकीचा गज धरलेला तो हात दिसतो आणि मी विषय बदलते. मशीनवर मी शिवणीची ताकद मोजली. तो आकडा बरोबर होता. माझ्या पेशंटला त्याचा उपयोग झाला नाही. यात कुणाची चूक होती असं मला शोधूनही सापडलं नाही. चूक सापडली असती तर बरं झालं असतं, निदान रागवायला कुणीतरी मिळालं असतं. त्यानं जसं शोधलं तसं.

निवृत्त झाल्यावर बीड बायपासच्या बाजूला नव्या सोसायटीत एका मैत्रिणीकडं गेले होते. गेटवरच्या खुर्चीतला वॉचमन काठी टेकत उठला आणि म्हणाला, “बाई, वळखलं का?”

केस पांढरे झाले होते, अंगात दोन मापं मोठा निळा शर्ट. मी धोंडिबा म्हटल्यावर तो पहिल्यांदा हसला. ठकूबाई याच सोसायटीत चार घरी भांडी घासायची. मुलगा वाळूजला कंपनीत. बरं चाललंय म्हणाला. मग खुर्चीत बसून त्यानं चप्पल काढली आणि दुसरा पाय पुढं केला. चांगला पाय.

“ह्यो बी टाचेत दुकतुया बाई. सकाळी उठल्यावर तर टेकवत न्हाई.”

मी तिथंच, फाटकाशी, खाली बसले. नस बोटांत धरली. जाड झाली होती, मधे गाठ लागत होती, दाबल्यावर त्यानं पाय मागं घेतला. एकीकडची गेली की दुसरीकडची जायची भीती असते, आणि इतकी वर्षं सगळा भार या एकाच पायानं उचलला होता. ही नस आता कधीही जाईल हे माझ्या बोटांना कळत होतं. गेली तर काय करायचं हेही मला सगळं पाठ होतं. पण ते त्याला सांगायची मला हिंमत होईना.

“उंच टाचेची चप्पल वापरा,” मी म्हणाले. “जड उचलू नका. आणि काही झालं तरी पळायचं नाही, धोंडिबा. उडी नाही, पळणं नाही. ऐकताय ना?”

“आता कुटं पळायचं बाई,” तो म्हणाला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा, लांबलचक. धोंडिबानं चपलेत अर्धा पाय घातला आणि काठी तशीच खुर्चीला टेकलेली सोडून, हेलकावे खात, गेटकडं पळाला. मी “हळू!” म्हणून ओरडले. गेट सरकवायच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नसावं.